कुर्तुब्यात होळी, पॅरिसमध्ये अभ्यासक्रम

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मधली सुट्टी संपायला पाच-सात मिनिटे होती. शिक्षकांच्या खोलीच्या दारात आठवीतल्या एका विद्यार्थ्याचे वडील येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात मुलाने शाळेच्या ग्रंथालयातून नेलेले, खाकी कागदाचे कव्हर घातलेले इतिहासाचे पुस्तक होते. सलाम-दुआ झाली न झाली तोच ते म्हणाले, "सर, असलं पुस्तक शाळेत कशाला ठेवता? यात आपल्या लोकांची बदनामी केली आहे. आजच्या आज हे कपाटातून काढून टाका."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "चाचा, कोणत्या पानावर?"

ते क्षणभर घुटमळले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "मी वाचलं नाही. मोहल्ल्यात एक जण सांगत होता."

पुढचा तास मला मोकळा होता. आम्ही दोघांनी ते प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचून काढले. मी वाचत होतो, ते ऐकत होते. मोहल्ल्यात सांगितलेली गोष्ट त्यात कोठेच नव्हती. चाचांचा चेहरा निवळला. पण आणखी तीन पाने पुढे गेल्यावर असा एक परिच्छेद आला, की वाचता वाचता माझाच आवाज खाली आला. एका राजवटीविषयी लिहिताना लेखकाने एकच बाजू मांडली होती. दुसरी बाजू जणू अस्तित्वातच नव्हती. "बघा!" चाचा म्हणाले. मला मान हलवावी लागली. पुस्तकांच्या यादीत ते पुस्तक मीच घातले होते, आणि हा परिच्छेद माझ्या नजरेतून सुटला होता.

म्हणजे त्या दिवशी चाचाही चुकले होते आणि मीही चुकलो होतो. आता त्या पुस्तकाचे करायचे काय, हा प्रश्न उरला. त्याचे आम्ही काय केले ते लेखाच्या शेवटी सांगतो. पण त्या रात्री मला राहून राहून आठवण येत होती ती स्पेनमधील कुर्तुबा या शहराची. पुस्तके आणि शाळा यांच्या बाबतीत इतिहासाने केलेली इतकी मोठी थट्टा दुसरीकडे क्वचितच सापडेल. संस्थेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा हीच हकीकत पालक बंधु-भगिनींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावी असे ठरवले.

पहिली होळी

कुर्तुबा म्हणजे आजचे कॉर्डोबा. मुसलमानांच्या राजवटीत स्पेनला अंदलुस म्हणत आणि कुर्तुबा हे त्याचे भूषण होते. दहाव्या शतकात खलीफा दुसरा अल-हकम याने तेथे जमविलेल्या ग्रंथालयाची कीर्ती दूरवर पसरली होती. कागद, नकलनवीस, पुस्तकविक्रेते यांनी ते शहर गजबजलेले असे.

अशा या शहरात इ. स. ११०९ साली एक ग्रंथ जाहीरपणे जाळण्यात आला. तो कोणा नास्तिकाचा असेल असे आपल्याला वाटेल. तो होता इमाम गझाली यांचा 'इह्या उलूम अल-दीन', म्हणजे धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन! त्या वेळी अंदलुसवर मुराबित घराण्याची सत्ता होती आणि अली बिन यूसुफ हा अमीर होता. गझालींनी या ग्रंथात केवळ बाह्य नियमांवर आणि मानमरातबावर जगणाऱ्या धर्मपंडितांवर कठोर टीका केली होती. ती कुर्तुब्याच्या पंडितांना झोंबली. काझी इब्न हमदीन यांच्या पुढाकाराने ग्रंथाच्या प्रती गोळा करण्यात आल्या आणि आगीत टाकण्यात आल्या. इमाम गझाली त्या वेळी हयात होते. दोन वर्षांनी, ११११ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले? ११४७ मध्ये मुराबितांची राजधानी मराकेश पडली आणि त्यांची सत्ता संपली. त्यांची जागा घेणाऱ्या मुवह्हिद चळवळीचा संस्थापक इब्न तूमर्त हा आपण गझालींचा शिष्य असल्याचे सांगे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जाळलेल्या ग्रंथाचे नाव नव्या सत्तेने मानाने घेतले एवढे खरे. आज 'इह्या' मदरशांतून आणि घराघरांतून वाचला जातो. तो जाळणाऱ्या काझींचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाही ते या होळीमुळेच!

काझींचा नातू

या होळीनंतर सतरा वर्षांनी, ११२६ मध्ये, त्याच कुर्तुब्यात इब्न रुश्द यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा या शहराचे मुख्य काझी होते. नातवाने फिकह म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, वैद्यक, गणित, ज्योतिष आणि तत्त्वज्ञान या सर्वांचा अभ्यास केला. पुढे ते सेव्हिलचे आणि नंतर कुर्तुब्याचेही काझी झाले. कायद्यावरील त्यांचा 'बिदायत अल-मुजतहिद' हा ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

त्यांचा एक प्रसंग इतिहासकार अब्दुल वाहिद अल-मर्राकुशी यांनी नोंदवून ठेवला आहे. इब्न तुफैल या विद्वानाने त्यांना खलीफा अबू याकूब यूसुफ याच्या भेटीस नेले. नाव-गाव विचारून झाल्यावर खलीफाने एकदम प्रश्न केला, की आकाशाविषयी तत्त्वज्ञांचे मत काय आहे, ते अनादी आहे की निर्माण झालेले? इब्न रुश्द घाबरले. अशा प्रश्नाचे उत्तर देणे त्या काळी अंगाशी येण्यासारखे होते. आपण तत्त्वज्ञान शिकलोच नाही, असे त्यांनी सांगून टाकले. तेव्हा खलीफा इब्न तुफैलकडे वळून स्वतःच ॲरिस्टॉटल काय म्हणतो, प्लेटो काय म्हणतो आणि मुस्लिम पंडितांचे त्यावर आक्षेप कोणते, हे बोलू लागला. ते ऐकून इब्न रुश्दांची भीड चेपली आणि तेही बोलू लागले. परत जाताना त्यांना मानाचा पोशाख मिळाला. पुढे याच खलीफाच्या इच्छेवरून त्यांनी ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर भाष्ये लिहिण्याचे काम हाती घेतले. ते काम त्यांना आयुष्यभर पुरले.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रसंगातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एवढा मोठा विद्वान, पण मोकळेपणाने बोलायला त्यालाही समोरच्याचा धीर लागला. वर्गात प्रश्नाचे उत्तर येत असूनही गप्प बसणारी मुले मी रोज पाहतो. त्यांतल्या किती जणांना उत्तर येत नाही आणि किती जण केवळ घाबरलेले आहेत, हे शिक्षकाला आणि बापाला ओळखता आले पाहिजे.

विरोधकांनी काय केले?

इमाम गझाली आणि इब्न रुश्द यांचे पटण्यासारखे नव्हते. गझालींनी 'तहाफुत अल-फलासिफा' लिहून तत्त्वज्ञांच्या वीस मतांवर हल्ला चढविला होता. पण हल्ल्यापूर्वी त्यांनी काय केले? 'मकासिद अल-फलासिफा' या नावाचा एक वेगळा ग्रंथ लिहून त्यात तत्त्वज्ञांची मते जशीच्या तशी, नीट समजावून मांडली. ती इतकी प्रामाणिकपणे मांडली, की युरोपात तो ग्रंथ लॅटिनमध्ये पोचला तेव्हा तेथील अनेक वाचकांनी गझालींनाच तत्त्वज्ञांचा अनुयायी मानले!

इब्न रुश्दांनी गझालींना उत्तर दिले ते 'तहाफुत अल-तहाफुत' या ग्रंथातून. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. गझालींचे म्हणणे ते तुकड्या-तुकड्याने उतरवून घेतात आणि प्रत्येक तुकड्याखाली आपले उत्तर देतात. त्यामुळे गझालींच्या ग्रंथाचा जवळजवळ सर्व मजकूर विरोधकाच्या ग्रंथातच सापडतो. वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात आणि मग ठरवावे.

याला म्हणतात विरोध. दोघांनीही आधी वाचले, समजून घेतले आणि मगच लेखणी उचलली.

मात्र एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. 'फस्ल अल-मकाल' या छोट्या ग्रंथात इब्न रुश्दांनी ज्ञानाच्या बाजूने मोठा सुंदर युक्तिवाद केला आहे. पाणी पिताना काही जण ठसका लागून मेले, म्हणून तहानलेल्याला पाणीच न देता मारायचे का, असा त्याचा आशय आहे. पण त्याच ग्रंथात त्यांनी असेही म्हटले आहे, की तत्त्वज्ञानाची चर्चा असलेले गझालींचे ग्रंथ अधिकारी अभ्यासकांखेरीज इतरांच्या हाती पडू नयेत, यासाठी राज्यकर्त्यांनी मनाई करावी. म्हणजे बंदीचे हत्यार त्यांनीही दुसऱ्यासाठी सुचविले होते. हे हत्यार एकदा राजाच्या हाती दिले, की ते कोणावर चालवायचे हे राजा ठरवतो, ग्रंथकार नाही.

दुसरी होळी

११८४ मध्ये खलीफा अबू याकूब मरण पावला आणि त्याचा मुलगा याकूब अल-मन्सूर गादीवर आला. अकरा वर्षे त्यानेही इब्न रुश्दांचा मान राखला. मग ११९५ साल उजाडले. उत्तरेकडील ख्रिस्ती राजाशी मोठे युद्ध तोंडावर होते. त्याच वर्षी अलार्कोसची लढाई झाली आणि अल-मन्सूरने ती जिंकली. अशा काळात धर्मपंडितांना आणि लोकमताला खूश ठेवणे त्याला गरजेचे वाटले असावे, असे अनेक इतिहासकार मानतात. सत्तर वर्षांच्या इब्न रुश्दांवर कुर्तुब्यात आरोप ठेवण्यात आले. त्यांना जवळच्या लुसेना या गावी हद्दपार करण्यात आले. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळून टाकण्याचे आणि या विद्येचा नाद सोडण्याचे फर्मान निघाले. त्या दिवसांत एकदा आपल्या मुलासह असरच्या नमाजासाठी मशिदीत गेले असता काही टवाळांनी त्यांना हुसकावून लावले, आणि सर्वांत जास्त दुःख आपल्याला त्याचे झाले, असे त्यांनी सांगितल्याची हकीकत आहे. जेथे आजोबांचा आणि स्वतःचा निवाडा लोकांनी मान खाली घालून ऐकला, त्याच शहरात हे घडले.

या फर्मानातून काही ग्रंथ मात्र वगळले होते. वैद्यक, अंकगणित आणि नमाजाच्या वेळा व किब्ल्याची दिशा काढण्यापुरते ज्योतिष. वैद्यक का वगळले, हे सांगायला नको. बंदी घालणाऱ्यालाही ताप येतो!

दोन-तीन वर्षांतच चक्र फिरले. मराकेशला परतल्यावर अल-मन्सूरने फर्मान मागे घेतले. इतकेच नव्हे, तर मर्राकुशी लिहितात, की तो स्वतःच तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाकडे वळला आणि त्याने इब्न रुश्दांना बोलावून घेतले! पण वेळ उरला नव्हता. ११९८ च्या डिसेंबरात मराकेशला इब्न रुश्दांचा अंत झाला. पुढे त्यांचे शव कुर्तुब्याला नेण्यात आले. तो देखावा तरुण वयाच्या इब्न अरबी या थोर सूफींनी पाहिला आणि लिहून ठेवला. जनावराच्या पाठीवर एका बाजूला शवपेटी होती. तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूला त्या माणसाने लिहिलेले ग्रंथ बांधले होते.

तीच पुस्तके, दुसरी शाळा

आता आपण पॅरिसला जाऊ; कारण जनावराच्या पाठीवरच्या त्या ग्रंथांचा पुढचा प्रवास तिकडेच झाला. आणि मौज अशी, की पॅरिसलाही याच विद्येवर बंदी होती.

ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ अरबीतून आणि ग्रीकमधून लॅटिनमध्ये येऊ लागताच तेथील चर्च सावध झाले. १२१० मध्ये पॅरिसच्या धर्मसभेने ठराव केला, की हे ग्रंथ व त्यांवरील भाष्ये पॅरिसमध्ये उघडपणे वा गुप्तपणे कोणी शिकवू नयेत. शिकवल्यास बहिष्काराची शिक्षा. १२१५ मध्ये विद्यापीठाच्या नियमांतच ही बंदी घालण्यात आली. तर्कशास्त्र शिकवा, नीतिशास्त्र शिकवा, पण निसर्गविद्या नको!

१२२९ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ येथे नवे विद्यापीठ निघाले. नव्या शाळेला विद्यार्थी हवे असतात, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगायला नको. तुलूझच्या अध्यापकांनी ठिकठिकाणी आवाहनपत्र धाडले. त्यात तेथील इतर सोयींबरोबर एक खास आकर्षण नमूद केले होते. पॅरिसमध्ये ज्या निसर्गविषयक ग्रंथांना मनाई आहे, ते येथे शिकायला मिळतील! ज्या बंदीने विद्यार्थ्यांना त्या पुस्तकांपासून दूर ठेवायचे, तीच बंदी दुसऱ्या विद्यापीठाची जाहिरात झाली.

१२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने थोडी माघार घेतली. हे ग्रंथ तपासून त्यांतील चुका काढून टाकाव्यात आणि मग ते वापरावेत, असे ठरले. त्यासाठी तीन विद्वानांची समिती नेमण्यात आली. समितीतील एक प्रमुख सभासद त्याच वर्षी वारले आणि समितीच्या हातून काहीच निष्पन्न झाले नाही. समित्यांचा हा गुण फार जुना दिसतो. १२४५ मध्ये पुढच्या एका पोपने बंदी तुलूझलाही लागू केली. पण तोपर्यंत खुद्द पॅरिसमध्ये रॉजर बेकनसारखे अध्यापक ते ग्रंथ शिकवू लागले होते.

अखेर १९ मार्च १२५५ रोजी पॅरिस विद्यापीठाच्या कला शाखेने नवा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात ॲरिस्टॉटलचे उपलब्ध असलेले सर्व ग्रंथ नेमण्यात आले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे शिकवले म्हणून बहिष्कार, तेच आता शिकले नाही तर पदवी नाही!

आणि हे कठीण ग्रंथ समजून घेण्यासाठी अध्यापकांच्या हाती कोणाचे भाष्य होते? कुर्तुब्याच्या काझींचे. मायकेल स्कॉट इत्यादी भाषांतरकारांनी ते लॅटिनमध्ये आणले होते. युरोपच्या विद्यापीठांत ॲरिस्टॉटलला नुसते 'तत्त्वज्ञ' म्हणत आणि इब्न रुश्दांना नुसते 'भाष्यकार'. नाव घेण्याची गरजच नसे.

तेथेही त्यांचा मार्ग निष्कंटक नव्हता. १२७० मध्ये पॅरिसच्या बिशपने तेरा मते निषिद्ध ठरविली आणि १२७७ मध्ये तब्बल २१९. त्या यादीतील काही मते थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताच्याही मतांना लागून होती. इब्न रुश्दांचे भाष्य समोर ठेवून शिकलेल्या आणि त्यांच्याशी कडाडून वाद घातलेल्या या पंडिताला १३२३ मध्ये चर्चनेच संत म्हणून जाहीर केले. मग १३२५ मध्ये, त्याच्या मतांपुरता तो निषेध रद्द करावा लागला.

यहुदी समाजही यातून सुटला नाही. १३०५ मध्ये बार्सिलोनाच्या धर्मगुरूंनी पंचवीस वर्षांखालील तरुणांना ग्रीक तत्त्वज्ञान व निसर्गविद्येचे ग्रंथ वाचण्यास पन्नास वर्षांसाठी मनाई केली. वैद्यक तेवढे वगळले. तापाचे कारण येथेही लागू आहे. पण याच काळात दक्षिण फ्रान्समधील यहुदी विद्वान इब्न रुश्दांच्या ग्रंथांची हिब्रू भाषांतरे करीत होते. म्हणजे मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, तिघांनीही बंदी घातली. हा दोष कोणा एका धर्माचा नाही. तो माणसाच्या भीतीचा आहे.

नुकसान कोणाचे झाले?

या कथेची थट्टा येथवर ठीक आहे. यापुढची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

बंदी असूनही इब्न रुश्द युरोपात शिकवले गेले. पादुआच्या विद्यापीठात त्यांच्या मतांची परंपरा चालली. १५५० ते १५५२ या काळात व्हेनिसच्या जुंता छापखान्याने ॲरिस्टॉटलचे ग्रंथ त्यांच्या भाष्यांसह लॅटिनमध्ये छापून काढले. आपल्याकडे मात्र कायद्याचे पंडित म्हणून ते वाचले गेले. तत्त्वज्ञ म्हणून त्यांना शाळेत जागा उरली नाही. छापखान्याआधीच्या काळात, जे पुस्तक शाळेत शिकवले जात नाही त्याची नक्कल कोणी करीत नाही, आणि ज्याची नक्कल होत नाही ते पुस्तक दोन-तीन पिढ्यांत नाहीसे होते. त्याला जाळावे लागतेच असे नाही. १२३६ मध्ये कुर्तुबा मुसलमानांच्या हातून गेले. १५०० च्या सुमारास गरनाता, म्हणजे ग्रॅनडा येथे कार्डिनल सिस्नेरोस याने अरबी ग्रंथांची मोठी होळी केली. वैद्यकाचे ग्रंथ त्यानेही वाचवले आणि आपल्या विद्यापीठासाठी ठेवून घेतले. तेव्हा सारा दोष ११९५ च्या एका फर्मानावर टाकता येणार नाही. पण परक्याने येऊन जाळण्याआधी आपणच त्या ग्रंथांना आपल्या शाळेबाहेर काढले होते, हे विसरता येत नाही.

परिणाम असा, की त्यांच्या कित्येक ग्रंथांची मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही. ॲरिस्टॉटलच्या 'आत्म्याविषयी' या ग्रंथावरील त्यांचे मोठे भाष्य संपूर्ण वाचायचे तर लॅटिनमध्ये वाचावे लागते. 'फस्ल अल-मकाल' अरबीत पहिल्यांदा छापला गेला तो १८५९ मध्ये, आणि तोही कैरोत वा दिल्लीत नव्हे, जर्मनीतील म्युनिक शहरात.

सर्वांत बोचणारे उदाहरण प्लेटोच्या 'रिपब्लिक'वरील त्यांच्या भाष्याचे आहे. मूळ अरबी ग्रंथ हरवला. चौदाव्या शतकात मार्सेयच्या एका यहुदी विद्वानाने केलेले हिब्रू भाषांतर तेवढे राहिले. या ग्रंथात बाराव्या शतकातील हा काझी आपल्याच शहरांतील स्त्रियांविषयी लिहितो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या नगरांत स्त्रियांची योग्यता कळूनच येत नाही, कारण मुले होणे, ती वाढवणे आणि नवऱ्याची सेवा करणे यांपलीकडे त्यांना कशातच येऊ दिले जात नाही. त्यामुळे त्या समाजावर भार होऊन बसतात, आणि या नगरांच्या दारिद्र्याचे हे एक कारण आहे.

पालक बंधु-भगिनींनो, हे शब्द आपल्या मोहल्ल्यांत पूर्वीच पोचले असते तर? मुलींच्या शाळेसाठी घरोघर फिरताना "हे नवीन खूळ कोठून आणलेत?" असे आम्हाला अजूनही कोणी विचारतो. "आठशे वर्षांपूर्वीच्या कुर्तुब्याच्या काझींकडून" असे उत्तर त्याला सहज देता आले असते. पण आपल्याच काझींचे हे म्हणणे आपल्या भाषांत उरले नाही, ते परक्याच्या कपाटात जपले गेले. १९९८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर आठशे वर्षांनी, हा ग्रंथ हिब्रूवरून पुन्हा अरबीत आणला गेला आणि बैरूतला छापला गेला. हरवलेले मूल आठशे वर्षांनी घरी परत आले, तेही परक्यांची भाषा बोलत!

आपल्या मुलांना वाचवण्यासाठी म्हणून बंदी घातली जाते. पुस्तक बहुधा वाचते. मग नुकसान होते ते ज्यांना ते वाचता आले नाही त्या मुलांचे, आणि ती मुले आपलीच असतात.

त्या पुस्तकाचे काय झाले?

कोणी म्हणेल, मग काय, मुलांच्या हाती वाटेल ते पुस्तक द्यायचे? मुळीच नाही. पाचवीच्या मुलाला काय द्यावे आणि दहावीच्या मुलाला काय, याची निवड शिक्षकाने आणि पालकाने केलीच पाहिजे. ते आपले कामच आहे. पण निवड करणारा आधी पुस्तक वाचतो आणि मग कोणत्या वयात काय द्यायचे ते ठरवतो. बंदी घालणाऱ्याला बहुधा वाचण्याची गरजच भासत नाही. आमच्या चाचांच्या बाबतीत तेच झाले होते. आणि न वाचता पुस्तक यादीत घालणारा मीही त्याच रांगेत उभा होतो. एवढेच, की त्यांना ते कपाटातून काढायचे होते आणि मी ते कपाटात ठेवले होते.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून ठरवले, की पुस्तक काढायचे नाही. ज्या परिच्छेदावर आमचा आक्षेप होता, तो मी आठवीच्या वर्गात फळ्यावर जसाच्या तसा लिहिला आणि मुलांना सांगितले, की याचे उत्तर शोधून आणा. पण रागाने लिहू नका, पुराव्याने लिहा. मुलांनी शाळेच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांतून आणखी तीन पुस्तके मिळवली. त्यांतल्या एका पुस्तकाने आमची बाजू भक्कम केली. दुसऱ्याने मात्र मूळ लेखकाचे निम्मे म्हणणे बरोबर असल्याचे दाखवून दिले, आणि तेही लिहिणे भाग पडले. दीड पानाचे ते टिपण शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवले. अक्षर चाचांच्या मुलाचे आहे. पुढच्या वर्षी ज्याच्या हाती ते पुस्तक पडेल, तो लेखकाचेही वाचेल आणि आमच्या मुलांचेही.

टिपण चिकटवले त्या दिवशी चाचा शाळेत आले होते. त्यांनी ते दोनदा वाचले. मग पुस्तक माझ्या हाती देत म्हणाले, "सर, हे आठ दिवस घरी नेऊ का? बाकीचंही वाचून बघतो."

मी त्यांच्या नावाने पुस्तकाची नोंद केली. आमच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत ती नोंद आजही आहे. पालकाच्या नावावर दिलेले ते शाळेतले पहिले पुस्तक होते.